इंजिनाला कान असतो

"आधी पाय दाखवा."

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला लागून असलेल्या आपल्या गॅरेजात मच्छिंद्र तायडे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हे पहिलं वाक्य ऐकवत, आणि प्रत्येक नवं गिऱ्हाईक खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघे.

"अहो, तसा नाही. गाडी चालवताना कसा पडतो, तो पाय. चला, धानोरीपर्यंत एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

मग अर्धा तास मच्छिंद्र रस्त्याकडे बघतच नसत. त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या उजव्या पायावर. कुणी अॅक्सिलरेटर हार्मोनियमच्या भात्यासारखा सारखा वरखाली करी, कुणी त्यावर झुरळ मारल्यासारखा पाय देई, कुणी नुसताच अंगठा टेकवून गाडीला कोड्यात टाकी. चक्कर संपली की मच्छिंद्र वहीत त्या पायाचं एका ओळीत वर्णन लिहीत. "भाता." "झुरळ." "घाबरट, पण हट्टी." मगच गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लॅपटॉपची वायर जाई.

केयूर आला तेव्हाही असंच झालं. सदाशिव पेठेतला, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, पहिल्यावहिल्या टर्बो पेट्रोल गाडीचा मालक. ही दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतरची गोष्ट.

"काका, मला आत्यानं पाठवलंय. डॉक्टर सुहासिनी. मला गाडीचं ट्यूनिंग करायचंय, स्टेज टू."

"कशाला?"

"पिकअप पाहिजे."

"तो कुठे वापरणार? हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहून?"

केयूर हसला. पुण्यात जन्मलेल्याला टोमणा लागत नाही, तो फक्त दर्जा बघतो. "बरं, पण तुम्ही नेमकं करता काय, ते तरी सांगा."

मच्छिंद्रांनी बॉनेट उघडलं, पण इंजिनाकडे बोट न दाखवता लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा.

"हा पाढ्यांचा तक्ता समजा. आडवं बघायचं, इंजिन किती फेरे घेतंय. उभं बघायचं, आत हवा किती आली. दोन बोटं जिथे भेटतील त्या घरातला आकडा म्हणजे हुकूम. पेट्रोल इतकं सोडा. ठिणगी इतक्या लवकर टाका. टर्बोनं हवा इतकी दाबा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्वतःचं डोकं नसतं, तो एका सेकंदात कितीतरी वेळा फक्त हे तक्ते बघतो."

"आणि तुम्ही?"

"मी आकडे बदलतो."

"बस?"

"बस. तुम्ही ऑफिसात वेगळं काय करता?"

केयूरनं पडद्यावरच्या एका चौकटीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "पण कंपनीनं आकडे आधीच चांगले का नाही ठेवले?"

"कंपनीचे आकडे म्हणजे पंगतीतली आमटी. एकच गाडी राजस्थानात जाणार, लडाखला जाणार, कुठलंही पेट्रोल पिणार, मालक ऑइल बदलायला विसरणार. कुणालाच ठसका लागू नये म्हणून सगळ्यांना बेताचं तिखट. मी घरची आमटी करतो. पण जेवणारा कोण ते बघून."

"आणि तिखट जास्त झालं तर?"

"तर नॉकिंग." मच्छिंद्रांनी हातानं हवेत झोपाळा काढला. "झोपाळा मागे येतो, थांबतो, मग आपण ढकलतो. बरोबर? तो अजून आपल्याकडे येतोय तोवरच ढकलला तर मनगटाला हिसका बसतो. पिस्टन वर येताना आत हवा-पेट्रोल दाबलं जातं. ते फार दाबलं, फार तापलं, ठिणगी फार लवकर पडली, की थोडं पेट्रोल आपल्या मनानंच भडकतं. चुकीच्या क्षणी ढकलतं. टिक-टिक आवाज येतो, डब्यात खडे टाकल्यासारखा. तो आवाज दिवसेंदिवस चालू दिला तर पिस्टन फुटतो."

"मग तो आवाज ओळखायचा कसा?"

मच्छिंद्रांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. तिथे एक स्टेथोस्कोप लटकत होता. त्याची छातीला लावायची चकती कापून टाकलेली, तिच्या जागी दोन मीटर रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला चपटी केलेली तांब्याची पाइप.

"तो कुणाचा, ते तुमच्या आत्याला विचारा," ते म्हणाले.

मच्छिंद्र मूळचे विदर्भातले, रिसोडकडचे. त्र्याण्णव साली पुण्यात आले, ते गावच्या एका मित्राच्या खोलीचा पत्ता आणि दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन. तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर दर सहा महिन्यांनी एखादी नव्या नावाची गाडी दिसू लागली होती आणि जुन्या गाड्यांचे मालक आपल्या गाडीशी जरा जास्तच निष्ठेनं वागू लागले होते. सदाशिव पेठेतल्या एका बोळातल्या गॅरेजात मच्छिंद्र कार्बोरेटरच्या कामाला लागले. पितळी भांड्याएवढी ती वस्तू. एक स्क्रू हवेचा, एक पेट्रोलचा. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि कान इंजिनावर. इंजिन कुठे अडखळतं, कुठे सुस्कारा टाकतं, हे त्या तेवीस वर्षांच्या पोराला असं कळे की गॅरेजचे मालक त्याला बाहेरच्या गाड्या ऐकायला पाठवत.

तशीच एकदा डॉक्टर सुहासिनींची गाडी आली. क्लिनिक गॅरेजच्या समोरच.

"काय झालंय हिला?"

"खोकतेय, डॉक्टर."

"ते मलाही ऐकू येतंय. निदान सांग."

मच्छिंद्रनं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "तिसरं सिलिंडर. वाल्व्ह नीट बसत नाही."

निदान बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी त्या रस्ता ओलांडून आल्या आणि एक जुना स्टेथोस्कोप त्याच्यापुढे धरला.

"हा घे. स्क्रूड्रायव्हर कानात खुपसणाऱ्या माणसाच्या हातात मी माझी गाडी देत नाही."

त्या दिवसापासून तो स्टेथोस्कोप मच्छिंद्रांबरोबर होता. तांब्याची पाइप इंजिनाला बोल्टनं आवळायची, नळी खिडकीतून आत घ्यायची, गाडी चालू असताना ऐकायचं. कार्बोरेटर गेले तरी ही पद्धत राहिली.

आणि कार्बोरेटर गेलेच. दोन हजार साल उलटलं, एक दिवस नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत पिळायला स्क्रूच नव्हता. मच्छिंद्र बराच वेळ वाकून शोधत राहिले. मग बॉनेट हळूच लावून घेतलं, हात धुतले आणि त्याच पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासचा जिना चढले. वर्गात सगळी बारावीची मुलं. शिकवणारे सर वयानं मच्छिंद्रांहून लहान.

"काका, तुम्हाला टायपिंग शिकायचंय का?" सरांनी विचारलं.

"नाही. मला गाडीशी बोलायचंय."

मुलं खो-खो हसली. पहिल्या दिवशी काकांनी माउस उलटा करून खालची गोळी काढली, बनियनच्या चिंधीनं पुसली आणि परत बसवली. त्या दिवसानंतर वर्गातले सगळे माउस त्यांच्याकडेच येऊ लागले. हसणं आपोआप थांबलं.

पुढची दहा-बारा वर्षं अशीच गेली. इंग्रजी येत नव्हतं, ते तक्त्यांपुरतं आलं. कुठल्या फाइलमध्ये कुठला तक्ता लपलेला असतो, आकडा बदलला की शेवटची बेरीज कशी जुळवावी लागते, नाहीतर गाडी फाइलच नाकारते, हे सगळं चुकतमाकत. विश्रांतवाडीत स्वतःचं गॅरेज झालं. एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला. गाडीत काहीही लिहायच्या आधी कंपनीची मूळ फाइल वाचून घ्यायची आणि दोन ठिकाणी ठेवायची. एक प्रत गॅरेजात, दुसरी पेनड्राइव्हवर घरी, बायकोच्या, मंदाकिनीच्या कपाटात, पैठणीच्या घडीत.

"माणसाला परत जायची वाट पाहिजे," ते म्हणत.

दुसरा नियम पायाचा. आणि तिसरा, जो वहीत लिहिलेला नव्हता, तो असा की शेवटचा शब्द कानाचा. लॅपटॉपच्या पडद्यावर गाडी स्वतः सांगतेच. इंजिनाला एक सेन्सर चिकटवलेला असतो, तो बिचारा अहोरात्र नॉकिंगचीच वाट बघत बसलेला असतो. आवाज आला की तो कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा टाकतो, पडद्यावर लाल आकडा उमटतो. "इंजिनाला कान असतो," असं मच्छिंद्र गिऱ्हाइकाला समजावत. आणि मग जरा मान वर करून जोडत, "पण माझ्याएवढा तयार नाही."

केयूरची गाडी झकास झाली. इतकी, की जानेवारीत डॉक्टर सुहासिनी स्वतः विश्रांतवाडीला आल्या. आता पासष्टीच्या, क्लिनिक अर्धवेळ, पण गाडी भाच्याच्याच मॉडेलची.

"मच्छिंद्र, त्याची पळते आणि माझी झोपते. हा काय पक्षपात आहे?"

"करून टाकू, डॉक्टर."

"माझा पाय नाही बघायचा?"

"वीस वर्षं बघतोय. तुमचा पाय मला पाठ आहे."

त्यांनी केयूरची फाइल घेतली, थोडी बदलली, लिहून दिली. जानेवारीतली पुण्याची थंडगार सकाळ, इंजिन घटाघटा गार हवा पीत होतं. संगमवाडीपर्यंत चक्कर झाली, स्टेथोस्कोपात काही नाही, पडदा स्वच्छ. डॉक्टर खूश होऊन गेल्या.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वेल्ह्याला तपासणी शिबिरासाठी जात, खडकवासला मागे टाकून, पाबे घाट चढून. "घाटात टिकटिकते," त्या म्हणाल्या. "या रविवारी तू बरोबर चल."

दुपारचं ऊन डांबराला चटके देत होतं. धरणाचं पाणी मागे पडलं, घाट लागला. डॉक्टर चालवत होत्या. मच्छिंद्र शेजारी, कानात स्टेथोस्कोप, मांडीवर लॅपटॉप.

"आता. ऐकलंस?"

"नाही."

"आता पण. काचा बंद असून मला ऐकू येतंय."

"काही नाही, डॉक्टर. इंजिन साफ चाललंय."

पडद्यावर मात्र तिसऱ्या सिलिंडरपुढे लाल आकडा उमटला होता. मच्छिंद्रांनी तो बघितला आणि लॅपटॉप किंचित स्वतःकडे वळवला.

डॉक्टरांनी एका वळणावर गाडी बाजूला घेतली. खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून मच्छिंद्रांचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "दे."

"काय?"

"माझा स्टेथोस्कोप. तू चालव."

मच्छिंद्र स्टिअरिंगवर बसले. डॉक्टरांनी सवयीनं नळ्या कानात घातल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला, डोळे मिटले. "मी चालवते तशी चालव. तिसऱ्या गिअरमध्येच."

"चढावर तिसरा?"

"पेट्रोल वाचतं. मला वडिलांनी असंच शिकवलंय."

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. आणि डॉक्टरांचं बोट डॅशबोर्डवर वाजू लागलं. टक. टक-टक. डोळे मिटलेलेच. मच्छिंद्रांनी एक नजर बोटाकडे टाकली, एक पडद्याकडे. बोट वाजलं की लाल आकडा. बोट थांबलं की आकडा विझला. मृदंग आणि टाळ एकाच हाताचे असावेत तसं.

मच्छिंद्रांना फक्त बोटाचा आवाज येत होता.

"सेन्सर फसतो कधीकधी," ते म्हणाले. "एखादी ब्रॅकेट ढिली असली, हलली, की त्याला वाटतं नॉकिंग झालं."

"आणि माझे कान? तेही ढिले?"

मच्छिंद्रांनी नजर रस्त्यावर वळवली. वेल्ह्याचं शिबिर झालं. परतल्यावर डॉक्टरांनी गाडी गॅरेजातच ठेवली.

"शुक्रवारी दुपारी चारला पेठेत ये. भाग्यश्रीकडे जाऊ, ती कान तपासते. तोवर माझ्या गाडीतला एकही आकडा बदलायचा नाही. कबूल?"

"तुम्ही घरी कशा जाल?"

"रिक्षानं. तिला टर्बो नसतो, सुखाची असते. कबूल का ते बोल."

"कबूल."

सोमवार, मंगळवार, बुधवार. मच्छिंद्रांनी गाडीची एकेक ब्रॅकेट आवळली. एकही ढिली नव्हती. चाळीस वेळा गाडी चढावर नेली, तांब्याची पाइप इकडून काढून तिकडे लावली. कानात फक्त एक गोड, भरीव घुमणं. त्यात खडे नव्हते. जन्मभर जे खडे त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू आले, ते जर पासष्टीच्या बाईला ऐकू येतात आणि आपल्याला नाही, तर गेल्या दोन-तीन वर्षांत "साफ आहे" म्हणून ज्या गाड्या सोडल्या, त्यांचं काय? हा प्रश्न त्यांनी पूर्ण विचारलाच नाही. अर्ध्यावरच सेन्सरवर राग काढला.

फाइलमध्ये एक तक्ता असा असतो, ज्याला शहाणा माणूस हात लावत नाही. सेन्सरनं किती बारीक आवाजाला दचकायचं, त्याचा. तो आकडा वाढवला की सेन्सर बहिरा होतो. लाल आकडा येत नाही. इंजिन आतल्या आत फुटत राहतं आणि कुणालाच कळत नाही. मच्छिंद्रांनी दुसऱ्यांच्या हातून असं झालेलं बघितलं होतं, आणि त्यांच्या नावानं बोटं मोडली होती.

गुरुवारी दुपारी ते त्या तक्त्यावर बसले होते. स्वतःशी म्हणत होते, जास्त नाही, फसवा सेन्सर थोडासाच शांत करायचा. उद्या सकाळीच डॉक्टरांना बोलावून स्वच्छ पडदा दाखवला की पेठेत जायचं कारणच उरणार नाही.

गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, त्यामुळे वीज नव्हती. गाडीच्या बॅटरीला चार्जर लावलेला, तो इन्व्हर्टरवर. फाइल लिहिताना बॅटरी पडता कामा नये, मध्येच वीज तुटली तर गाडीचा कॉम्प्युटर अर्धं वाक्य बोलून मरतो, पुन्हा तोंड उघडत नाही. मच्छिंद्रांनी बेरीज जुळवली. बोट एंटरवर ठेवलं.

"अवो, हे काय वाजून रायलं?"

दारात मंदाकिनी, हातात डबा. घरात दोघं अजूनही गावचीच बोली बोलत.

"काय वाजते?"

"हे काय, पीं पीं पीं! अख्ख्या गल्लीले ऐकू येऊन रायलं. मी त्या चहाच्या टपरीपासून ऐकून रायली."

मच्छिंद्रांनी इकडेतिकडे बघितलं. पंखा फिरत होता. बाहेरून एक टेम्पो गेला, तो ऐकू आला. "मले तं काही येत नाही."

मंदाकिनीनं डबा ठेवला, सरळ कोपऱ्यात गेली आणि इन्व्हर्टरवर बोट ठेवलं. त्याचा लाल दिवा उघडझाप करत होता. बॅटरी संपत आल्याची सूचना. मच्छिंद्र उठले, वाकले, इन्व्हर्टरच्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी बारीक थरथरत होती. थरथर, थांब. थरथर, थांब. बोटांना आवाज कळत होता, कानाला नाही.

ते तसेच वाकलेले असताना पंखा मंदावला आणि थांबला. चार्जरचा हिरवा दिवा विझला.

एंटर दाबलं असतं, तर या क्षणी फाइल अर्धी लिहून झाली असती.

"सकायचा गजर बी तुमाले ऐकू येत नाही," मंदाकिनी म्हणाली. "दोन वर्सं झाले, मीच हलवून उठवते."

"सांगतलं नाही कधी?"

"सांगतलं ना बाप्पा. तुमी म्हनले, घड्याय बिघडलं. नवं आनलं. मंग म्हनले, हे बी बिघडलं."

मच्छिंद्र खुर्चीवर बसले. लॅपटॉपवर त्या तक्त्यातले नवे आकडे अजून चमकत होते. त्यांनी फाइल बंद केली. पडद्यानं विचारलं, बदल ठेवायचे का? त्यांनी नाही म्हटलं.

"जेवा आता," मंदाकिनी म्हणाली.

"उद्या सदाशिव पेठेत जायचं हाय," ते म्हणाले. "तू बी चाल संग."

भाग्यश्रीच्या खोलीत एक काचेची पेटी होती, तीत मच्छिंद्रांना बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून राहिले. सुरुवातीला बोट चपळ चाललं. मग संथ झालं. मग काचेपलीकडे भाग्यश्री बटणं दाबत राहिली आणि मच्छिंद्र तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर तिनं कागद पुढे ठेवला. डॉक्टर आणि मंदाकिनी बाजूला. भाग्यश्री समजावायला लागणार, तेवढ्यात मच्छिंद्रांनी कागद स्वतःकडे ओढला.

"थांबा. हे आडवं म्हणजे कंपनं. दोनशे पन्नास, पाचशे, हजार. हे उभं म्हणजे आवाज किती मोठा करावा लागला." त्यांचं बोट रेघेवरून चालू लागलं. "दोन हजारापर्यंत ठीक. तीनला उतरायला लागलं. चारला पडलं. सहा हजाराला खड्डा. आठला जरा वर."

भाग्यश्रीनं डॉक्टरांकडे बघितलं. "काकांना ग्राफ वाचता येतो?"

"त्याला तेवढंच वाचता येतं," डॉक्टर म्हणाल्या.

"आयुष्यभर मोठ्या आवाजात काम केलं की असंच होतं, काका. कुणालाही हळूहळू, कळत नाही. या पट्टीत स, श असे आवाज असतात, पक्ष्यांचे आवाज, बारीक घंटी..."

"आणि नॉकिंग," मच्छिंद्र म्हणाले. त्यांचं बोट खड्ड्यात थांबलं होतं. "साडेसहा हजार. या इंजिनाचं नॉकिंग बरोब्बर इथे वाजतं."

मंदाकिनीनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"डॉक्टर," जरा वेळानं ते म्हणाले, "काल मी सेन्सर बहिरा करणार होतो. तुमच्या गाडीचा. एकही आकडा बदलणार नाही म्हणून तुम्हाला शब्द दिला होता, तरी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "केलास?"

"नाही."

"मग आत्ता कशाला सांगतोस? मे महिन्यात शिबिराला मी केयूरची गाडी नेते. जूनला मला माझी पाहिजे."

श्रवणयंत्र बसवायला मे उजाडला. भाग्यश्रीनं ते बोटाच्या पेराएवढं यंत्र केबलनं लॅपटॉपला जोडलं आणि पडद्यावर चौकटी उघडल्या. मच्छिंद्र खुर्चीत पुढे सरकले.

"हे तुम्ही आकडे बदलताय?"

"हो. तुमचा कान जिथे कमी ऐकतो तिथलेच वाढवतेय."

"मूळ फाइल ठेवली?"

"कसली?"

"माझ्या कानाची. बदलायच्या आधीची."

"तो ग्राफ आहे ना, काका."

"त्याची प्रत द्या. दोन द्या. एक हिच्या कपाटात राहील."

मंदाकिनीनं कपाळाला हात लावला. भाग्यश्रीनं दोन प्रती काढल्या.

"अजून थोडं वाढवा ना," यंत्र कानात बसल्यावर मच्छिंद्र म्हणाले.

"एकदम नाही, काका. आधी दोन आठवडे हे घालून फिरा. प्रत्येकाचा कान वेगळा, आणि जास्त दिलं तर त्रासच होतो."

मच्छिंद्र हसायला लागले. थांबेचनात. भाग्यश्रीला वाटलं आपलं काही चुकलं. ते डोळे पुसत नुसते हात हलवत राहिले.

खाली रस्त्यावर आले तेव्हा कोपऱ्यावरच्या रसवंतीत चरक फिरत होता आणि चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. मच्छिंद्र मधोमध थांबले, मागच्या स्कूटरवाल्यानं त्यांच्या खानदानाची चौकशी केली, तीही त्यांना स्पष्ट ऐकू आली.

"हे घुंगरू नवे बांधले काय यायनं?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली. "रस घ्याचा काय?"

गॅरेजात मच्छिंद्रांनी वही उघडली आणि तीन वर्षांतली पानं मागे उलटली. एकेका मालकाला फोन लावला. "तायडे बोलतोय, विश्रांतवाडीहून. गाडी एकदा आणा. नाही, बिघाड नाही. मला पुन्हा बघायचीय." काहींनी का म्हणून विचारलं. "तेव्हा मी नुसतं ऐकलं होतं," ते सांगत, "या वेळी बघतो."

मग डॉक्टरांची गाडी. पैठणीच्या घडीतून मूळ फाइल आली. मच्छिंद्रांनी ती लिहून गाडी होती तशी केली आणि डॉक्टरांना बोलावलं.

"आधी पाय दाखवा."

"पाठ होता ना?"

"तो कार्बोरेटरचा होता."

डॉक्टरांनी गाडी काढली. मच्छिंद्र अर्धा तास त्यांच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. पाय शांत, सावकाश, पण एकदा दाबला की दाबलेलाच, आणि डावा हात गिअरला शिवेल तर शपथ. कमी फेऱ्यांत इंजिनावर अख्खा डोंगर. केयूरचा पाय झुरळ मारी, पण लगेच उचलला जाई. एक फाइल दोघांना कशी चालेल? त्यांनी वहीत लिहिलं, "वडिलांचा तिसरा गिअर."

मग भर उन्हात, दुपारी, एकेक आकडा. दोन हजार फेऱ्यांच्या खाली टर्बोचा दाब कमी. हवा तापली की ठिणगी आणखी उशिरा. प्रत्येक बदलानंतर चढाची एक फेरी आणि पडदा. सेन्सरच्या तक्त्याला हात नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी पाऊस अजून आला नव्हता. पाबे घाट तव्यासारखा तापला होता. डॉक्टर चालवत होत्या, तिसऱ्या गिअरमध्ये. मच्छिंद्र शेजारी, कानात यंत्र, मांडीवर लॅपटॉप. स्टेथोस्कोप मागच्या सीटवर होता. यंत्र कानात असताना तो नीट बसत नव्हता.

"पिकअप केयूरपेक्षा कमी दिलायस," डॉक्टर म्हणाल्या.

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. दुसरा गिअर टाकायला लागाल तेव्हा वाढवून देईन."

"म्हणजे कधीच नाही."

ते वळण आलं. एप्रिलमध्ये गाडी थांबवली होती ते. डॉक्टरांनी काच खाली केली. गरम वारा आत आला, त्याच्याबरोबर इंजिनाचं जड, एकसुरी कण्हणं, आणि कुठल्याशा झुडपातून एका पक्ष्याची बारीक शीळ.

मच्छिंद्रांनी पडद्याकडे बघितलं. तिसऱ्या सिलिंडरपुढे शून्य. वळण संपलं, पुढचं लागलं. शून्य.

"काही ऐकू येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मच्छिंद्रांनी उघड्या काचेकडे कान केला. घाई केली नाही.

"नाही," ते म्हणाले. "तुम्हाला?"

डॉक्टरांनी आणखी एक वळण घेतलं, मान किंचित कलती करून, पेशंटच्या पाठीला कान लावल्यासारखी.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या, आणि काच वर घेतली.